सारखे दिसणारे पक्षी आणि त्यांच्या खुणा

दर हिवाळ्यात ओहोटीची वेळ पाहून आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन शिवडीच्या खाडीकाठी जातो. चिखलात उभा असलेला रोहित पक्ष्यांचा थवा पाहिला की प्रश्न ठरलेला असतो : "सर, यांत दोन जाती कशा? सगळे सारखेच तर आहेत!" आम्ही उत्तर देत नाही, चोच पाहावयास सांगतो. थोरल्या रोहिताची चोच फिकट गुलाबी असून केवळ टोक काळे असते. धाकट्याची चोच जवळजवळ संपूर्ण गडद लाल असते. पहिला चिखलातील लहान जीव गाळून खातो, तर दुसऱ्याचा मुख्य आहार सूक्ष्म शेवाळ हा होय.

पक्षी ओळखण्याची रीत साधी आहे. प्रथम आकार पाहावा, तोही एखाद्या परिचित पक्ष्याशी ताडून. मग चोच, शेपटी, पाय, आवाज. लालबाग-परळच्या चाळींच्या कठड्यावर येणाऱ्या घरकावळ्याची मान राखाडी असते. दाट झाडीत आढळणारा डोमकावळा सर्वांगी काळा असतो, त्याची चोच जाड आणि आवाज अधिक घोगरा असतो.

केवळ रंगावर मात्र विसंबू नये. गिरण्यांच्या जुन्या चिमण्यांभोवती घिरट्या घालणारी नेहमीची घार तपकिरी असते. गोदीकडे दिसणाऱ्या ब्राह्मणी घारीचे डोके व छाती पांढरी, बाकीचे अंग विटकरी असते. परंतु तिचे वयात न आलेले पिल्लूही तपकिरीच दिसते आणि तेथे भलेभले फसतात. अशा वेळी शेपटी पाहावी. नेहमीच्या घारीच्या शेपटीस खाच असते. ब्राह्मणी घारीची शेपटी गोलसर असते. वयाप्रमाणे रंग पालटतो, शेपटीची ठेवण निवाडा करते.

नावही फसवते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आपण दादरच्या किनाऱ्यावर थांबतो, त्या दिवसांत मुंबईच्या समुद्रावर कुरव पक्षी आलेले असतात. त्यांतील एक काळ्या डोक्याचा, दुसरा तपकिरी डोक्याचा म्हणून ओळखला जातो. हिवाळ्यात मात्र दोघांचेही डोके पांढरे असते, डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. म्हणून उडताना पंख पाहावेत. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखांची टोके काळी असून त्यांत पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढील कड पांढरी असते.

या अभ्यासाचा एक मोठा वारसा गिरगावातच आहे. १८९६ मध्ये जन्मलेले सालिम अली खेतवाडीत मामांकडे वाढले. लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. ती चिमणीच्या मादीसारखी दिसत होती, पण गळ्यावर पिवळा डाग होता. तो डाग त्यांनी दुर्लक्षिला नाही. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील सचिव मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि संग्रहातील पक्षी उघडून दाखविले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला, त्याचे मूळ त्या डागात होते.

आमच्यासारख्या शाळेत हा विषय का शिकवावा, असे काही पालक विचारतात. त्याचे उत्तर सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात आहे. माणूस जन्माने ब्राह्मण ठरतो की कर्माने, हा वाद घेऊन वासेट्ठ व भारद्वाज हे दोन तरुण भगवान बुद्धांकडे आले. तेव्हा तथागतांनी त्यांना गवत, वृक्ष, कीटक, मासे, पक्षी यांची उदाहरणे दिली. या सर्वांत जन्मजात खुणा आहेत, म्हणून त्यांच्या जाती निरनिराळ्या आहेत. माणसांच्या डोळ्यांत, कानांत, हातापायांत तशी वेगळी खूण आढळत नाही. त्यांच्यातील भेद केवळ नावाचे आहेत. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनीही जातिभेद हा वंशभेद नव्हे, हे पुराव्यांनिशी मांडले.

घारीला 'ब्राह्मणी' हे नाव माणसांनी दिले, हे कळले की आमचे विद्यार्थी हसतात. मग त्यांतला एखादा विचारतो, "आणि माणसांना कोणी दिले?" त्या दिवशी इतिहासाचा तास आम्ही खाडीकाठीच घेतो.

माजी विद्यार्थ्यांनी येत्या हिवाळ्यात आपल्या मुलांना घेऊन शिवडीला अवश्य यावे. धम्म 'एहिपस्सिको' आहे : या आणि स्वतः पाहा. दुर्बीण नसली तरी चालेल. ओहोटीची वेळ मात्र पाहून यावे.