अरण्यातील नगर मनाऊस

अॅमेझॉन नदीच्या मुखातून प्रवाहाविरुद्ध सुमारे १,५०० किलोमीटर आत गेल्यावर ब्राझीलच्या वर्षावनात मनाऊस हे नगर लागते. २०२२ च्या जनगणनेनुसार त्याची लोकवस्ती २० लाखांहून अधिक आहे. तथापि चहूकडे अरण्य असल्याने येथे येणारा प्रवासी बहुधा जहाजाने अथवा विमानानेच येतो.

जहाजातील प्रवाशास नगराच्या अलीकडे एक विलक्षण दृश्य दिसते. उजवीकडून रिओ नेग्रो नदीचे चहासारखे काळसर पाणी येते. डावीकडून सोलिमॉइस नदीचे गढूळ, पिवळसर पाणी येते. कुजलेल्या पानांतील द्रव्ये विरघळल्याने पहिले काळे होते, तर अँडीज पर्वतातून वाहून आलेल्या गाळाने दुसरे गढूळ होते. दोहोंचे तापमान, वेग व घनता भिन्न असल्याने कित्येक किलोमीटरपर्यंत ते एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहतात.

नगरात शिरताच १८९६ मध्ये उघडलेले भव्य नाट्यगृह दृष्टीस पडते. ते रबराच्या संपत्तीतून उभे राहिले. रबराचा चीक त्या काळी रानातील विखुरलेल्या झाडांपासून गोळा करीत. परंतु १८७६ मध्ये हेन्री विकहॅम यांनी या झाडाचे सुमारे ७०,००० बी लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेले. त्यांतून उगवलेली रोपे सिंहलद्वीप व मलायात पोहोचली. आशियातील मळ्यांत रबर स्वस्तात पिकू लागले, आणि १९१० नंतर मनाऊसचे वैभव ओसरले. अॅमेझॉनमध्ये मळे करण्याचे प्रयत्न मात्र पानांवरील बुरशीच्या रोगाने फसले. आपल्या केरळातील रबराचे मळेही याच झाडाचे आहेत.

बंदराचा धक्का पाण्यावर तरंगता आहे, कारण नदीची पातळी दरवर्षी सरासरी सुमारे १० मीटर वरखाली होते. येथे १९०२ पासून पातळीची नोंद ठेवली जाते. २०२१ मध्ये पाणी ३०.०२ मीटरपर्यंत चढले. २०२३ मध्ये ते १२.७० मीटरवर उतरले, आणि २०२४ मध्ये त्याहूनही खाली गेले. होड्या गाळात रुतल्या, काठच्या वस्त्यांना अन्न व पिण्याचे पाणी मिळणे कठीण झाले. एल निनो, अटलांटिक महासागराचे तापलेले पाणी आणि पृथ्वीचे वाढते तापमान यांचा हा परिणाम होय.

अरण्यातील वृक्ष मुळांनी शोषलेले पाणी पानांवाटे वाफेच्या रूपाने हवेत सोडतात, व त्याचा पाऊस पुन्हा अरण्यावरच पडतो. वृक्ष तोडले की हे चक्र क्षीण होते. म्हणूनच मनाऊसचे भवितव्य त्याच्या बाजारपेठेइतकेच सभोवारच्या वृक्षांवर अवलंबून आहे.