मोठ्या मापाची गोष्ट

आपल्याकडे बायकांचा तयार कपडा तसा उशिराच आला. साडी कोणत्याही अंगाला पुरते. चोळी-पोलके शिंपी अंगावरचे माप घेऊन बेततो. खणाची चोळी घट्ट झाली, तर आत ठेवलेली माया सोडायची, पुन्हा शिलाई मारायची की झाले. अमुक बाई 'मापाबाहेर' आहे, असे कुणाला म्हणायची वेळच येत नसे.

ही अडचण तयार कपड्यांनी आणली. कारखान्यात एक मधले माप धरून बेत काढतात आणि ठराविक इंचांनी वाढवत-घटवत बाकीची मापे बसवतात. थोड्या फरकाला हे चालते. पण शरीर सगळीकडे सारखे वाढत नाही. छाती, पोट, दंड भरतात. खांद्याची हाडे तेवढीच राहतात. म्हणून नुसता मोठा केलेला कुर्ता पोटावर बसला तरी खांद्यावरून ओघळतो. मोठ्या मापासाठी मुंढा, टक, बाही यांचा बेत नव्याने मांडावा लागतो. तो खर्च, शिवाय प्रत्येक रंगात आणखी तीन-चार मापे ठेवायची म्हणजे भांडवल अडकले! लहान दुकानदार 'डबल एक्सेल'वर थांबतो, त्याचा हिशेब मला समजतो. 'ताई, तुमच्यात काही येत नाही हो' हे सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे सांगणे कोणत्या हिशेबात बसते, ते मात्र समजत नाही.

हे गणित न्यूयॉर्कमध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईने मनावर घेतले. लीना हिमेलस्टीन १८९५ साली लिथुआनियातून अमेरिकेत आली. नवरा ब्रायंट लवकर वारला. पदरी तान्हा मुलगा. १९०४ मध्ये तिने दुकान थाटले. बँकेच्या कागदावर लीनाचे चुकून 'लेन' झाले आणि 'लेन ब्रायंट' हेच नाव दुकानाला चिकटले. आधी तिने गरोदर बायकांचे कपडे शिवले. त्यांची जाहिरातसुद्धा १९११ पर्यंत वर्तमानपत्रे छापत नसत. पुढे तिचा दुसरा नवरा अल्बर्ट माल्सिन, पेशाने इंजिनिअर, याने सुमारे साडेचार हजार गिऱ्हाइकांची मापे घेतली, विमा कंपनीकडून सुमारे दोन लाख स्त्रियांची आकडेवारी मिळवली आणि स्थूलपणाचे तीन प्रकार ठरवले. म्हणजे जाड बाई ही एकाच साच्याची नसते, हे त्याने मोजून दाखवले. १९२३ च्या सुमारास दुकानाची विक्री ५० लाख डॉलरवर गेली होती, आणि मोठ्या मापाच्या कपड्यांनी गरोदरपणाच्या कपड्यांना मागे टाकले होते.

आपल्या देशात 'निफ्ट'ने २५,००० भारतीयांची मापे घेण्याचा प्रकल्प जाहीर केला तो २०१८ साली.

मी स्वतः चव्वेचाळीस छातीची. गेल्या गॅदरिंगला समूहगीतासाठी एकसारखे कुर्ते मागवले, आणि माझ्याच अंगाची, माझ्याहून कितीतरी गोड गळ्याची एक मुलगी 'घसा बसलाय' म्हणून बाजूला झाली. घसा ठणठणीत होता. यंदा समितीने कुर्ते न मागवता तागा आणावा आणि शिंप्याला गाठावे, असे मी सुचवले आहे. पैसे थोडे जास्त पडतील, पडोत.

तयारच घ्यायचा झाला, तर चिठ्ठीवरच्या अक्षरावर जाऊ नका. प्रत्येक कंपनीचे 'एक्सेल' निराळे. टेपने कपडाच मोजा. मग तो उलटा करून बाजूच्या शिलाईत माया किती आहे ते पाहा. अर्धा इंच असली तरी दंडात काचणारी बाही सैल करता येते. सगळी कातरून टाकली असेल, तर आमचा शिंपीही हात जोडतो.