वरून गाडी, खाली रस्ता

१२ मे १९५५ रोजी मॅनहॅटनमधल्या थर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या उन्नत मार्गावरून शेवटची गाडी गेली आणि लवकरच तो सांगाडा उतरवला गेला. अंधार, धूळ, खडखडाट यांसाठी न्यूयॉर्ककरांनी त्याला पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घातल्या होत्या. हौशी मंडळींनी मात्र पुढची सत्तर वर्षं असे मार्ग टेबलावर उभे करण्यात घालवली.

टेबलावर म्हणजे किती जागेत? रेल्वेच्या प्रतिकृतींत सर्वाधिक चालणारं माप ‘एचओ’, म्हणजे एकास ८७. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलेल्यांना त्याचा अंदाज असेल. मोठ्या रेल्वेचं वळण काहीशे मीटर त्रिज्येचं. ८७ पट लहान केलं तरी दिवाणखान्यात मावत नाही. म्हणून बहुतेक सगळेच वळणं आखूड करतात आणि त्याबद्दल बोलत नाहीत. उन्नत मार्गवाल्यांना ही लबाडी करावीच लागत नाही. शिकागोचा ‘लूप’ १८९७ साली पुरा झाला. त्याची वळणं सुमारे ९० फूट त्रिज्येची. गाडी चौकात काटकोनात वळते, म्हणून डबेही जेमतेम ४८ फुटी. एचओत हे वळण साडेबारा इंचांत बसतं. बाजारात मिळणाऱ्या संचातलं नेहमीचं वळण १८ इंची असतं. खरं वळण खेळण्यापेक्षाही आखूड! रेल्वेच्या छंदात असं भाग्य क्वचितच लाभतं.

घाम काढतं ते लोखंड. जुन्या मार्गांचे खांब आणि तुळया जाळीदार, सांध्यासांध्यावर रिव्हेट. एचओत रिव्हेटचं डोकं अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. पूर्वी लाकूड, पुठ्ठा, पितळी पट्ट्या आणि डाग देण्याचं अवजार यांवर भागवत. मग स्टायरीनच्या पट्ट्या आल्या. पातळ पत्र्याच्या मागून दातेरी चाक फिरवून रिव्हेट उठवायचे, एकेक ओळ. शिकागोकरांना फीतपट्टी घेऊन खांबाखाली उभं राहता येत होतं. मॅनहॅटनच्या जुन्या मार्गांसाठी छायाचित्रंच उरली. त्यांत रुळांमधलं अंतर, चार फूट साडेआठ इंच, पक्कं ठाऊक. बाकीची मापं त्यावरून काढायची.

मग लेझरने कापलेले भाग आले, आणि अलीकडे थ्री-डी प्रिंटिंग. महिन्याचं काम रात्रभरात होऊ लागलं. पण छापलेले खांब एकमेकांची हुबेहूब जुळी भावंडं निघतात. खऱ्या रस्त्यावर एखाद्याला ट्रक घासलेला असतो, दुसऱ्याला ठिगळ, सगळ्यांवर रंगाचे थर. त्यामुळे यंत्रातून निघालेला गुळगुळीत खांब हातात घेऊन लोक कानस चालवतात. मला हे दृश्य फार आवडतं.

क्रमाबाबत सगळेच एकदा तरी चुकतात. आधी खालचा रस्ता पुरा करायचा: दुकानं, पाट्या, दिवे, पदपथावरची माणसं. वर सांगाडा बसला की हात आत जात नाही, आणि पाहणारा तर वाकून नेमकं तिथंच बघतो.

या मार्गावर खडी नसते. स्लीपरांच्या फटींतून ऊन थेट रस्त्यावर पट्ट्यापट्ट्यांनी उतरतं. छतभर लावलेल्या एलईडींच्या उजेडात त्या पट्ट्या पुसट होतात. म्हणून जाणते लोक खोलीतले दिवे मालवतात आणि कोपऱ्यातून वरच्या अंगाने एकच दिवा लावतात. मग त्या पाऊण इंच उंचीच्या माणसांच्या टोप्यांवरही पट्टे पडतात.