ओहोटी होती, मग लाट कुठून आली?

खडपावरून कुणी वाहून गेलं की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "अहो, ओहोटी होती! पाणी पार खाली गेलेलं." बोलणाऱ्याच्या आवाजात आश्चर्य असतं आणि थोडी तक्रारही, जणू समुद्राने नियम मोडला. समुद्राने काहीही मोडलेलं नसतं. खडपात गरवायला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी भरती-ओहोटी आणि लाट या दोन निराळ्या गोष्टी एकच मानलेल्या असतात. हा गैरसमज इतका चिवट आहे की पोहणारे, न पोहणारे, मुंबईहून नवाकोरा रॉड घेऊन येणारे आणि गावात जन्म गेलेलेही तो तितक्याच विश्वासाने सांगतात.

भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या ओढीने होते. तिचं वेळापत्रक वर्षभर आधी छापता येतं आणि भारतीय सर्वेक्षण विभाग ते छापतोही. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. जुन्या माणसांनी तर पंचांगावरच भागवलं : तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. थोडं मागेपुढे होतं, पण होडी लोटायला तेवढं पुरतं. हे सगळं खरं आहे, उपयोगाचंही आहे. मात्र त्यातून कळतं ते इतकंच, की पाण्याची पातळी किती वाजता कुठे असेल. लाट केवढी येईल याबद्दल पंचांग आणि सरकारी कोष्टक दोन्ही गप्प असतात.

लाट उठते वाऱ्याने. आणि तो वारा तुमच्या डोक्यावरच वाहत असला पाहिजे अशी काही अट नाही. इथे समोरचा माणूस मान डोलावतो, पण त्याला पटलेलं नसतं. म्हणून आकडे देतो. दक्षिण हिंदी महासागरात मोठं वादळ झालं की तिथून लांब पल्ल्याच्या लाटा सुटतात. दोन लाटांमध्ये १६ सेकंदांचं अंतर असेल, तर त्यांचा जथा खोल पाण्यात ताशी सुमारे ४५ किलोमीटरने पुढे सरकतो, म्हणजे दिवसाला हजारभर किलोमीटर. सात हजार किलोमीटर कापून तो आपल्या किनाऱ्याला लागतो तेव्हा वादळाला आठवडा होऊन गेलेला असतो. इथे आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, सुट्टीची गर्दी. केरळात या प्रकाराला 'कळ्ळक्कडल' म्हणतात आणि तो बहुतेकदा पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये येतो. हे फक्त तिकडचं दुखणं नाही. मे २०२४च्या पहिल्या आठवड्यात हैदराबादच्या 'इन्कॉइस'ने, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने, अशाच लाटांचा इशारा दिला तेव्हा त्यात मुंबईही होती. हिवाळा तरी निवांत म्हणावा, तर तेव्हा अरबस्तानाकडचे 'शमाल' वारे वायव्येकडून लाटा पाठवतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्यांच्या परिणामाबद्दल गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा लेख २०११मध्येच प्रसिद्ध झाला आहे.

"दीड मीटरची लाट म्हणजे काय हो, छातीएवढी!" हा पुढचा युक्तिवाद. लाटांच्या अंदाजातला दीड मीटर ही सगळ्यात मोठी लाट नसते; सगळ्या लाटांपैकी वरच्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. हजारभर लाटांत एखादी त्याच्या पावणेदोन-दोनपट निघते. सकाळी बसून दुपारी उठणाऱ्याच्या पायाखालून तेवढ्या लाटा सहज जातात. म्हणजे दीड मीटरच्या दिवशी पावणेतीन मीटरची एक लाट ठरलेलीच समजा. शिवाय उंचीपेक्षा लांबी जास्त घातक. आठ सेकंदांची लाट खोल पाण्यात शंभरेक मीटर लांब असते, सोळा सेकंदांची चारशे मीटर. पहिली खडकावर आपटून फुटते आणि परतते. दुसरीच्या मागे एवढं पाणी असतं की फुटल्यावरही ते चढतच राहतं. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, आणि मग परत जाताना पाय काढून घेतं.

आता यात ओहोटी आणा. वाळूच्या सपाट किनाऱ्यावर ओहोटीला लाटा दूरवर फुटतात, म्हणून तिथे तिचा थोडा आधार असतो. खडपात उलटं घडतं. ओहोटीला खडक उघडे पडतात आणि गरवणारा त्यावरून पुढे पुढे जातो, कारण तांबोशी नि गोबरा कडेच्या खोल पाण्यातच सापडणार. त्या कडेला तळ सरळ खाली गेलेला असतो. लाटेला वाटेत मोडायला काही नसतं, ती आहे तेवढी अंगावर येते. आणि भरतीच्या वेळी तुम्ही जिथे उभे राहता त्यापेक्षा आता तुम्ही दोन मीटर खाली असता. ओहोटीने तुम्हाला सुरक्षित केलेलं नाही, लाटेजवळ नेऊन बसवलं आहे.

"पण खडक कोरडा होता!" कोरडा म्हणजे गेल्या अर्ध्या तासात लाट आली नाही, इतकंच. उन्हात कातळ वाळायला वेळ लागत नाही. बघायचं असेल तर खडक नीट बघा. खाली कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या वर बारीक, पांढऱ्या, धारदार कवचांचा पट्टा, आणि त्याही वर डांबर फासल्यासारखा काळपट पट्टा. जांभ्यावर तो उठून दिसतो. काळ्या कातळावर हात फिरवावा लागतो, ओला असेल तर बुळबुळीत लागतो. तिथवर शिंतोडे नेहमीच येतात. त्याच्याही वरच्या खळग्यात खारं पाणी साचलेलं दिसलं, तर ते तिथे कुणी बादलीने नेऊन ओतलेलं नाही. सामान उघडण्याआधी वर उभं राहून वीस-तीस मिनिटं नुसता समुद्र बघावा. गरी कपारीत अडकली तर दोरी कापावी. गरी सोडवायला खाली उतरलेली दोन पावलंच जिवावर बेततात.

सातवी लाट मोठी असते, हेही आलंच. लाटा जथ्याने येतात हे खरं, पण त्यांना मोजता येत नाही. कधी पाचवी, कधी तेरावी. सहा मोजून निर्धास्त उतरणाऱ्यांना काय सांगावं!

"मला पोहता येतं." कालवांनी भरलेल्या कड्यावर लाट आपटत असताना पोहण्याचा प्रश्नच उरत नाही; अंगात लाइफ जॅकेट हवं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०१६मध्ये खडकावरून गरवणाऱ्यांसाठी कायदा केला. ज्या भागांत तो लागू आहे तिथे लाइफ जॅकेट न घालणाऱ्याला दंड होतो. पडलातच तर त्याच जागी वर चढायची धडपड करू नका, खडकापासून लांब व्हा. वरच्यांनी मागोमाग उडी मारू नये. तरंगणारं काहीही फेकावं, अगदी रिकामा बंद कॅनसुद्धा, आणि ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ लावावा.

लाटेपलीकडचेही काही गैरसमज खडपावर फिरतात. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी गरीलाही लागू असते, असं समजणारे आहेत. ती यांत्रिक नौकांसाठी आहे. पण बंदी नाही म्हणून आषाढात कड्यावर जाणाऱ्यांनी वरचे परिच्छेद पुन्हा वाचावेत.

ब्रेडेड दोरी तुटत नाही म्हणे. ओढून तुटत नाही. कालवाच्या धारेवर घासली की लगेच तुटते, म्हणून पुढे जाड मोनोफिलामेंटचा लीडर जोडावा.

शिंगाळा माशाचा काटा लागला की बर्फ धरायचा, हा सल्ला उलटा आहे. त्याच्या काट्यातलं विष उष्णतेने निकामी होतं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, भाजणार नाही हे बघून, तासभर हात बुडवून ठेवावा आणि मग डॉक्टर गाठावा.

आणि केंड मासा. "नीट साफ करून उकळला की चालतो," असं छातीठोक सांगणारा दर खडपावर एक असतो. चालत नाही. त्यातलं विष शिजवून जात नाही, त्यावर उतारा नाही, आणि ते श्वासाचे स्नायू बंद पाडतं. गरीला लागला तर सोडून द्या, मांजरालाही घालू नका.