घरोघरी व्हा अर्थमंत्री!

'अर्थ' म्हणजे मीनिंग आणि 'अर्थ' म्हणजे पैसासुद्धा! म्हणजे ज्याच्याकडे शब्दांचे अर्थ जास्त, तोच खरा श्रीमंत. तेव्हा बच्चेकंपनी आणि त्यांचे आईबाबा, रेडी? शब्दांच्या दुनियेतली ही सुपरफास्ट सफर सुरू होतेय. अट एकच : घोकंपट्टी बंद! शब्द येतात ते वाचून, खेळून आणि बोलून. पुरावे हवेत? हे घ्या!

हजार शब्दांची चेसर

माहीत आहे का, अमेरिकेतल्या 'चेसर' नावाच्या कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावं येत होती? बॉर्डर कॉली जातीच्या या मॅडमना शिकवलं मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन पिली यांनी. खरी गंमत पुढे आहे. ओळखीच्या खेळण्यांत एक अनोळखी खेळणं ठेवायचं आणि कधीच न ऐकलेलं नाव पुकारायचं. चेसर बरोबर तेच नवं खेळणं उचलून आणायची! बाकी सगळ्यांची नावं ठाऊक आहेत, म्हणजे हे नवं नाव याचंच. लहान मुलंही नवे शब्द याच लॉजिकने पकडतात.

एकदा ऐकला, लगेच टिपला

१९७८ साली सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट या संशोधकांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना सहज बोलता बोलता सांगितलं, 'तो क्रोमियम ट्रे आण, निळा नको.' क्रोमियम हा शब्द मुलांनी कधी ऐकलेलाच नव्हता. ट्रे होता ऑलिव्ह हिरवा. ना फळा, ना खडू, ना धडा! तरीही त्या एका वाक्यातून बऱ्याच मुलांच्या मनात 'हे कुठल्या तरी रंगाचं नाव आहे' एवढं पक्कं बसलं. अर्थ पूर्ण पिकायला मात्र तो शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडावा लागतो. म्हणून पालकहो, मुलांशी बोलताना अवघड शब्द गाळू नका. बिनधास्त वापरा!

शब्द फुल्ल, अर्थ गुल

आता एक चक्रावणारा किस्सा. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचा विश्वविजेता झाला. त्याला फ्रेंच येत होतं का? अजिबात नाही! काही आठवड्यांत त्याने फ्रेंच शब्दांची यादीच डोक्यात उतरवली आणि मैदान मारलं. स्मरणशक्तीला सलाम! पण तेवढ्या भांडवलावर पॅरिसमध्ये साधा पत्ता विचारता येत नाही. स्पेलिंग म्हणजे शब्दाचा चेहरा, ओळख होते ती अर्थातून.

पन्नास शब्दांची पैज

माहीत आहे का, जगभर गाजलेलं एक अख्खं पुस्तक फक्त ५० शब्दांत लिहिलंय? डॉ. स्यूस यांचं 'ग्रीन एग्ज अँड हॅम', साल १९६०. प्रकाशक बेनेट सर्फ यांनी पैज लावली की ५० वेगळ्या शब्दांत पुस्तक होणार नाही. स्यूस यांनी करून दाखवलं! त्याआधीच्या 'द कॅट इन द हॅट'मध्ये २३६ शब्द होते. नव्या वाचकासाठी हा फॉर्म्युला हिट आहे : शब्द थोडे, भेटी भरपूर.

गप्पा विरुद्ध गोष्टी

कॉलेज शिकलेल्या मोठ्या माणसांच्या गप्पांत कमी वापरातले शब्द जास्त, की मुलांच्या पुस्तकांत? अंदाज लावा! उत्तर आहे मुलांची पुस्तकं. १९८८ साली हेज आणि आहरेन्स यांनी इंग्रजीत मोजणी केली. दर हजार शब्दांमागे मोठ्यांच्या गप्पांत असे शब्द निघाले सुमारे १७ आणि मुलांच्या पुस्तकांत सुमारे ३१. गोष्टीचं पुस्तक म्हणजे खजिना, हा नुसता सुविचार नाही, मोजलेला हिशेब आहे.

अंदाज आपला आपला

चला, लगेच एक टेस्ट. 'अरण्य इतकं निबिड होतं की भर दुपारीही ऊन जमिनीपर्यंत पोचत नव्हतं.' निबिड म्हणजे काय? ऊन का पोचत नव्हतं? झाडी दाट होती म्हणून. झालं की! निबिड म्हणजे दाट. अर्थ सांगणारा पुरावा बहुतेक वेळा त्याच वाक्यात, नाहीतर पुढच्या-मागच्या ओळीत लपलेला असतो. आधी डिटेक्टिव्ह व्हा, मग शब्दकोश उघडून अंदाज तपासा. शब्दकोशाकडून अपेक्षा ठेवा, त्याची उपेक्षा करू नका. या दोन शब्दांत फरक एका अक्षराचा, अर्थ मात्र दोन टोकांना!

तो हार की ती हार?

गळ्यात पडतो 'तो' हार, मॅचमध्ये होते 'ती' हार. वहीवर लिहितो 'ते' नाव, पाण्यात तरंगते 'ती' नाव. उघडाबोडका 'तो' माळ, फुलांची 'ती' माळ. शब्द तोच, लिंग बदललं की अर्थाने टुणकन उडी मारली. नवा शब्द भेटला की तो, ती की ते, हे आधी विचारा. निम्मं कोडं तिथेच सुटतं.

ळ ची कमाल

गाल धुतला, गाळ काढला. चाल सुचली, चाळ सजली. वेल वाढली, वेळ सरली. काल गेला, काळ थांबला नाही. एका 'ळ'ने केवढा गोंधळ! घरात गेम खेळा : ल आणि ळ यांच्या जोड्या शोधा. जो अडकला, त्याच्यावर राज्य.

छोटी वेलांटी, मोठी भानगड

सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. शुद्धलेखन म्हणजे नुसते मार्क कापायचं निमित्त वाटतं? इथे तर अख्खा अर्थच बदलतोय!

आता कानांची परीक्षा. 'जग' लिहा आणि मोठ्याने वाचा. दुनिया म्हटलं की ज चा उच्चार एक, पाण्याचा म्हटलं की दुसरा. 'जरा'चंही तसंच : जरा म्हणजे थोडं आणि जरा म्हणजे म्हातारपण. लिहिताना डिट्टो, बोलताना वेगळे! म्हणून नवा शब्द नुसता बघू नका, ऐका आणि तोंडाने म्हणा.

एक पान, चार मेन्यू

झाडाचं पान, पुस्तकाचं पान, विड्याचं पान आणि जेवणाचं वाढलेलं पान. एका शब्दाच्या चार नोकऱ्या! 'अंक' पण कमी नाही : गणितात आकडा, नाटकात भाग, मासिकाचा महिन्याचा अंक आणि संस्कृतात चक्क मांडी. इंग्रजीतला चॅम्पियन माहीत आहे का? 'रन'! ऑक्सफर्डच्या संपादकांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजलेत. धावून धावून दमला असेल बिचारा.

एक हार, सहा अवतार

'हार'च्या पुढे छोटासा उपसर्ग लावा आणि जादू बघा. आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, परिहार. खाणं, फिरणं, मारणं, संपवणं, भेट आणि निवारण! फारसीकडून आलेले उपसर्गही आपल्याकडे जोरात आहेत : बेजबाबदार, नापसंत, गैरहजर, दररोज. एक उपसर्ग नीट कळला की त्याच्या मागे शब्दांची रांगच रांग उभी राहते. वाचताना अनोळखी शब्द दिसला, तर आधी त्याचे तुकडे पाडा.

फ्री डिक्शनरी

माहीत आहे का, मराठीतले काही जोडशब्द स्वतःचा अर्थ स्वतःच सांगतात? दोन्ही तुकड्यांचा अर्थ जवळपास एकच! 'कागदपत्र' : कागद फारसीकडून, पत्र संस्कृतातून. 'धनदौलत' : धन संस्कृत, दौलत अरबी. 'बाजारहाट' : बाजार फारसी, हाट आपलाच. दोन भाषांची माणसं एकमेकांशी बोलायला लागली, तेव्हा शब्दांनीही हातात हात घातले. शब्दाबरोबर अर्थ फ्री!

वडापावमधली पोर्तुगीज पार्टी

वडापाव आपला, शंभर टक्के मराठी! पण पाव आणि बटाटा हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. कोबी, चावी आणि घमेलंही त्यांचंच. आईबाबांचा आवडता 'पगार' त्यांच्याच भाषेतून आला, तिथे त्याचा अर्थ पैसे चुकते करणं. आणि हापूस? अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सरदाराच्या नावावरून! कानडीनेही हात सैल सोडलाय. अण्णा, अक्का आणि वरणभातावरचं तूप तिकडूनच आलं.

एक्स्पोर्टही जोरात बरं का! इंग्रजीतला 'मंगूज' हा आपल्या मुंगसाचा साहेबी अवतार.

रंगांना शेपूट कुठलं?

पांढराशुभ्र, काळाकुट्ट, लालभडक, पिवळाधमक, हिरवागार, निळाशार. प्रत्येक रंगाची जोडी ठरलेली! 'काळाधमक' किंवा 'लालकुट्ट' म्हणून बघा, आजी लगेच चमकून बघेल. चवींचाही थाट तसाच : तिखटजाळ, गोडमिट्ट, कडूजहर. पुढच्या वेळी 'खूप तिखट' म्हणायच्या ऐवजी 'तिखटजाळ' म्हणा. पाणी आधी तुम्हालाच मिळेल!

गर्दी सगळीकडे, नाव वेगळं

केळ्यांचा घड, द्राक्षांचा घोस, किल्ल्यांचा जुडगा, पक्ष्यांचा थवा, उंटांचा तांडा, मडक्यांची उतरंड, पोळ्यांची चवड, नाण्यांची चळत. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेली मुलं ही यादी पाठ करतात. पण स्वयंपाकघरात पोळ्यांची चवड डोळ्यांनी बघितली, तर पाठांतराची गरजच काय? बाजारात जाताना मुलांना बरोबर न्या. भाजी घ्या, शब्दही घ्या. शब्दांचं बिल झीरो!

उलटा वाचा, सुलटा वाचा

कडक, नयन, नवीन, सरस. उलटे वाचा, तेच! आता पूर्ण वाक्यं घ्या : 'ती होडी जाडी होती', 'रामाला भाला मारा'. एक-एक अक्षर मागून पुढे वाचा आणि टाळी द्या. नवा उलटसुलट शब्द शोधणाऱ्याला आज एक लाडू जास्त.

गाणारा कोश, राजाचा कोश

माहीत आहे का, जुन्या पाठशाळांतली मुलं शब्दकोश चक्क म्हणत असत? अमरसिंहाचा 'अमरकोश' पद्यात आहे आणि शब्द विषयवार लावलेले आहेत : स्वर्ग एकीकडे, वनस्पती दुसरीकडे. नातेवाईक शब्द शेजारी शेजारी बसवले की लक्षात राहतात, ही ट्रिक तेव्हाही ठाऊक होती.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. कारभारातल्या सुमारे १,४०० फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले गेले. स्वराज्य उभं राहत होतं आणि सोबत शब्दही! पुढे १८३१ साली मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश आला. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या ६० हजारांच्या घरात गेली. दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' तर सात खंडांचा!

आणि रोजच्या वहीवर तुम्ही लिहिता तो 'दिनांक'? तो सावरकरांनी रुळवला. महापौर आणि दिग्दर्शकही त्यांचेच. शब्द आकाशातून पडत नाहीत, कुणीतरी ते घडवतं. उद्या तुम्हीही घडवाल!

बी फॉर 'स्पेलिंग बी'

अमेरिकेतल्या 'स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बी' या स्पेलिंगच्या स्पर्धेत २०१९ साली एकदम आठ विजेते ठरले. त्यांतले सात भारतीय वंशाचे! शब्द कठीण वाटला की ही मुलं परीक्षकांना विचारतात : याचा अर्थ काय? हा कुठल्या भाषेतून आला? वाक्यात वापरून दाखवता का? २०२१पासून तर तिथे मंचावर शब्दार्थाचे थेट प्रश्नही आले. या मुलांचे ते तीन प्रश्न घरच्या फ्रिजवर चिकटवा. नवा शब्द आला की विचारा.

विसरणंही सायंटिफिक

१८८५ साली हर्मन एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सगळ्यात वेगाने विसरतो ते सुरुवातीच्या तासांत. पण त्याचा दुसरा शोध जास्त गोड आहे. अर्थ असलेली कविता पाठ करायला त्याला निरर्थक अक्षरांच्या मानाने जेमतेम एक दशांश मेहनत लागली. अर्थ कळला की काम दहापट हलकं! आणि उजळणी एका दमात करण्यापेक्षा दिवसांमध्ये वाटून केली, तर जास्त टिकते.

आता तुमची पाळी

प्लॅन छोटा आहे. रोज एक नवा शब्द. सकाळी पुस्तकात किंवा पेपरात शोधा. अर्थाचा अंदाज लावा, कोशात तपासा. रात्रीच्या जेवणापर्यंत तो शब्द तीन वाक्यांत वापरा. दोन दिवसांनी परत वापरा, आठवड्याने पुन्हा. आईबाबांनीही खेळायचं, मोबाइल बाजूला ठेवून! वर्षाला ३६५ शब्द तुमचे होतील, तेही अर्थासकट.

पहिला शब्द फुकट देतो : निबिड. आज रात्री झोपायच्या आधी एक वाक्य करा, घरच्यांना ऐकवा आणि उद्याचा शब्द त्यांच्याकडून मागून घ्या.