गावतळ्यातील माशांचा सहवास

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन तालुके पाण्याच्या बाबतीत एकाच वेळी श्रीमंत आणि गरीब आहेत. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस पडतो. शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा या जलाशयांतून मुंबईची तहान भागते. तरीही फाल्गुन उलटला की अनेक पाड्यांवरील विहिरींचे तळ दिसू लागतात आणि भाताचा हंगाम संपल्यावर हातांना पुरेसे काम उरत नाही. अशा भागात गावतळ्यात, पाझर तलावात अथवा शेततळ्यात जे पाणी आठ-दहा महिने टिकते, त्यातून मासळीचे उत्पन्न घेणे हा पोषणाचा आणि उपजीविकेचा एक चांगला मार्ग आहे.

मात्र तळ्यात मत्स्यबीज सोडले की काम संपले, ही समजूत बरोबर नाही. कोणत्या जातीचे मासे, किती संख्येने आणि कोणाच्या सोबतीला सोडावयाचे, यावरच तळ्याचे यश अवलंबून असते.

एक तळे, तीन थर

वरून पाहणाऱ्यास तळे एकसंध दिसते. माशांच्या दृष्टीने मात्र त्याचे तीन थर असतात. पृष्ठभागाजवळ सूक्ष्म वनस्पती व सूक्ष्म प्राणी तरंगत असतात. मधल्या थरात पाणवनस्पतींच्या देठांवर शेवाळ व बारीक जीव वाढतात. तळाशी कुजलेला पालापाचोळा, अळ्या आणि कृमी असतात.

निसर्गाने प्रत्येक माशाला त्याच्या अन्नाप्रमाणे तोंड दिले आहे. कटल्याचे तोंड मोठे व वरच्या बाजूस वळलेले असते. तो वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी गाळून खातो. रोहूच्या ओठांना झालर असते. तो मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूस असते आणि त्याचे अन्न तळाशी असते. तळ्यात केवळ कटलाच सोडला, तर वरच्या अन्नासाठी झुंबड उडते आणि खालचे अन्न वाया जाते. तिन्ही जाती एकत्र सोडल्या, तर प्रत्येकीला आपला वाटा मिळतो. यालाच मिश्र मत्स्यसंवर्धन म्हणतात.

ही पद्धत शक्य झाली ती एका शास्त्रीय यशामुळे. कटला, रोहू व मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात आपोआप अंडी घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे आणि त्यात नाना जातींची भेसळ असे. १० जुलै १९५७ रोजी कटक येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पोषग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या वर्गातील माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यामुळे एकेका जातीचे निर्भेळ बीज मिळण्याचा मार्ग खुला झाला. हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. १९५९ मध्ये चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प आणि गवत्या म्हणजे ग्रास कार्प हे मासे भारतात आणले गेले. ते दोन आणि सायप्रिनस मिळून सहा जातींचा संच तयार झाला. १९७१ पासून या सहा जातींच्या एकत्र संवर्धनाचे प्रयोग देशाच्या विविध भागांत करण्यात आले.

कोणाचे कोणाशी जमते

सहा जाती एकत्र नांदतात हे खरे. पण त्यांच्यातही स्पर्धा असते. चंदेरा मुख्यतः सूक्ष्म वनस्पती खातो, तरी तो कटल्याच्याच थरात राहतो. चंदेऱ्याची संख्या वाढली की कटल्याची वाढ खुंटते. तळाशी मृगळ व सायप्रिनस यांचे नाते असेच आहे. सायप्रिनस चिखल उकरतो. त्यामुळे तळातील पोषक द्रव्ये पाण्यात मिसळतात. परंतु त्याची संख्या जास्त झाल्यास पाणी गढूळ होते आणि मातीचा बांध पोखरला जातो.

गवत्या पाणगवत फस्त करतो. त्याच्या विष्ठेत अर्धवट पचलेला पाला असल्याने तीच इतरांसाठी खत आणि अन्न ठरते. मात्र तळ्यात गवत नसेल, तर त्याला बाहेरून हिरवा चारा घालावा लागतो. पावसात तळे फुटून हा मासा भातखाचरात गेल्यास तो कोवळ्या रोपांवरही ताव मारतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. शेततळ्यास प्लास्टिकचे अस्तर असेल, तर तळाशी नैसर्गिक अन्न कमी तयार होते. तेथे मृगळ व सायप्रिनस यांची संख्या कमी ठेवून पूरक खाद्यावर भर द्यावा.

प्रमाणाचा हिशेब

बारमाही तळ्यात हेक्टरी सुमारे ५,००० बोटुकली सोडण्याची शिफारस सामान्यतः केली जाते. या हिशेबाने २० गुंठ्यांच्या तळ्यास १,००० बोटुकली पुरतात. तीनच जाती घ्यावयाच्या असतील, तर कटला ४००, रोहू ३०० व मृगळ ३०० हे प्रमाण सोयीचे होते. सहा जाती घ्यावयाच्या असल्यास कटला १५०, चंदेरा २००, रोहू २००, गवत्या १००, मृगळ १५० व सायप्रिनस २०० अशी विभागणी करता येते. तळ्यातील गवत, चिखल व पाण्याची खोली पाहून यात थोडा फरक करावा.

बीज शक्यतो ८ ते १० सेंटिमीटर लांबीचे असावे. फार लहान बीज बेडूक, पाणकीटक व पक्षी यांच्या भक्ष्यस्थानी पडते. बिजाची पिशवी आणल्याबरोबर तळ्यात ओतू नये. ती १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी आणि तापमान सारखे झाल्यावर मासे सावकाश सोडावेत.

पूरक खाद्य म्हणून भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड समप्रमाणात देता येते. कोंडा या दोन्ही तालुक्यांत सहज मिळतो. पाण्याची सुपीकता पाहण्याची एक सोपी रीत आहे. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा. तळवा दिसेनासा होत असेल आणि पाण्याला हिरवट रंग असेल, तर नैसर्गिक अन्न पुरेसे आहे असे समजावे. तळवा स्पष्ट दिसल्यास शेणखताची गरज आहे. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागल्यास पाण्यातील प्राणवायू कमी झाला आहे असे जाणून खत व खाद्य तत्काळ थांबवावे आणि शक्य तर ताजे पाणी सोडावे. ज्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी वापरले जाते, तेथे खताचा प्रयोग करू नये.

नको असलेला सोबती

मरळ व शिवडा हे मासे चवीला उत्तम, पण ते इतर मासे खाणारे आहेत. बोटुकली सोडण्यापूर्वी वारंवार जाळे फिरवून ते काढून घ्यावेत. उन्हाळ्यात आटणाऱ्या तळ्यात हे काम निसर्गच पुष्कळसे करतो.

याहून मोठा धोका आफ्रिकन मागूरचा आहे. हा मासा झपाट्याने वाढतो, अल्प प्राणवायूतही जगतो आणि सोबतच्या माशांचा फडशा पाडतो. त्याच्या संवर्धनास देशात बंदी असून २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही त्याचे साठे नष्ट करण्याचे आदेश दिले. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या टिलापिया माशाचा त्रास निराळा आहे. तो साचलेल्या पाण्यात सतत पिले घालतो आणि थोड्याच काळात तळे बारीक माशांनी भरून जाते.

हा प्रश्न केवळ एका तळ्यापुरता नाही. अतिवृष्टीत तळे भरून वाहते आणि त्यातील मासे ओढ्यावाटे भातसा, काळू अशा नद्यांत जातात. या नद्यांचे पाणी पुढे उल्हास नदीस मिळते. पहिल्या पावसात नदीतील मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून व खाचरांतून वर चढतात. हीच ‘वलगण’ होय. आदिवासी कुटुंबांच्या ताटातील मासळीचा तो जुना आधार आहे. परका भक्षक मासा एकदा नदीत शिरला, की त्याला परत काढता येत नाही आणि अंडी-पिलांवरच घाला पडतो. घरातील काचेच्या टाकीत नकोसे झालेले शोभेचे मासे ओढ्यात सोडणेही याच कारणासाठी अयोग्य आहे.

ग्रामसभेपुढील काम

१९९६ च्या पंचायत विस्तार कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविण्याची तरतूद केली आहे. तेव्हा तळे मासेमारीसाठी देताना केवळ रकमेचा विचार न करता कोणत्या जाती सोडावयाच्या, त्यांची संख्या किती आणि बीज कोठून आणावयाचे, हे ठरावात स्पष्ट नमूद करणे इष्ट ठरेल. सांडव्यावर बारीक जाळी बसविण्याची अटही घालता येईल. बीज आल्यावर ते सोडण्यापूर्वी जाणकार व्यक्तीकडून तपासून घ्यावे. लांब मिशा आणि खवलेरहित अंग असलेले पिलू कार्पच्या बिजात आढळल्यास ते वेगळे काढावे.

शिक्षकांनाही यात वाटा उचलता येईल. कटला, रोहू व मृगळ यांची तोंडे शेजारी शेजारी ठेवून दाखविली, तर कोणता मासा कोठे चरतो हे विद्यार्थी स्वतःच ओळखतील. एकाच पाण्यात सर्वांनी सुखाने राहावयाचे, तर प्रत्येकाचा घास आणि प्रत्येकाची संख्या आधी ठरली पाहिजे. हा हिशेब गावाने बीज सोडण्यापूर्वी केला, तर तळ्याचे पाणी आटू लागेल तेव्हा जाळ्यात येणारी मासळी गावाच्या पदरात पडेल आणि नदीची वलगणही टिकून राहील.