घर्षण : बैलाचे वैरी, ब्रेकचे सोबती



गळीत हंगामात आपला ऊस रानातून गव्हाणीपर्यंत येतो तो बैलगाडीने नाहीतर ट्रॅक्टरने. या वाहतुकीमागचे शास्त्र आम्ही येथे सोप्या भाषेत मांडत आहोत, कारण त्यात जनावराचा आणि माणसाचा जीव गुंतलेला आहे.

न्यूटनने १६८७ साली गतीचे नियम ग्रंथरूपाने मांडले. त्यातला पहिला असा की, थांबलेली वस्तू जोर लावल्याशिवाय हलत नाही आणि चालती वस्तू अडवल्याशिवाय थांबत नाही. मग सपाट सडकेवर बैलांना सारखे ओढावे का लागते? कारण चाक आणि रस्ता, आस आणि चाक यांच्यात घर्षण असते. ते गाडीला सतत मागे धरते.

ढोबळ हिशेब पाहू. चांगल्या डांबरी सडकेवर रबरी टायरच्या गाडीला दर शंभर किलो वजनामागे दोन-तीन किलोचा ओढा लागतो. गाडीसह वजन २००० किलो धरले तर ४० ते ६० किलो झाले. भुसभुशीत रानात चाक रुतते, तिथे हाच ओढा २०० किलोच्या वर जातो. आता चढ घ्या. वीस फुटांत एक फूट चढ असेल तर वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे १०० किलो, आणखी वर लागतो.

बैल सलग ओढू शकतो तो साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. चारशे-चारशे किलोची जोडी असली तर ८० किलो. म्हणजे सपाटीला जोडी निभावते. चढावर आणि रानात तिच्या ताकदीपेक्षा दुप्पट काम आपण मागतो. थोडा वेळ ती जोर लावते, पण तेच रोज झाले की खांदे सुजतात, बैल बसतो. अशा वेळी चाबूक काय करणार? मोळ्या कमी भरा, टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा, आसाला वंगण द्या.

पण घर्षण नुसते वैरी नाही. ते नसते तर बैलाचा खूर घसरला असता आणि ब्रेकही लागला नसता. दोन ट्रॉल्या जोडलेला १५ टनांचा ट्रॅक्टर वरच्यासारख्याच उतारावर आला की ७५० किलोचा रेटा खाली ओढतो. त्यातला काही चाकांच्या घर्षणात जिरतो; ट्रॉलीला ब्रेक नसेल तर बाकीचा सगळा ट्रॅक्टरवर येतो. डिझेल वाचवायला गिअर काढून गाडी सोडली, तर इंजिनाचा अटकावही जातो. सडकेवर चिखल पडला असेल तर टायरची पकड आणखी कमी होते.

वेगाचेही ध्यानात ठेवा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. अंधारात सडकेवर उभ्या केलेल्या ट्रॉलीवर मागची गाडी आदळते ती यामुळेच. ट्रॉली दिसेपर्यंत थांबायला जागाच उरत नाही.

तेव्हा उतारावर चढाचाच गिअर ठेवावा, ट्रॉलीला ब्रेक व मागे रिफ्लेक्टर असावेत आणि रानातून निघताना टायरचा चिखल झाडावा. एक खेप कमी झाली तर ती उद्या भरून निघेल, गेलेला माणूस परत येत नाही. सभासदांनी ही गोष्ट आपल्या गाडीवान व ड्रायव्हर मंडळींना वाचून दाखवावी, ही विनंती.